कोर्टात साक्षीला गेलात, दिवस बुडाला. जाण्यायेण्याचा खर्च कुणाकडं मागायचा?

सकाळी साडेसहाची एसटी पकडायची, तालुक्याला उतरून जिल्ह्याची दुसरी गाडी धरायची, अकराच्या आत कोर्टाच्या आवारात पोचायचं, बाकड्यावर जागा मिळाली तर बसायचं नाहीतर लिंबाखाली उभं राहायचं, आणि दुपारी साडेतीनला आतून निरोप यायचा की पुढची तारीख पडली. साक्षीला जाऊन आलेल्या गावाकडच्या माणसाला हा दिवस समजावून सांगावा लागत नाही. कांदा काढणीचे दिवस असोत की सोयाबीन सोंगणीचे, समन्सवरची तारीख त्यातलं काही बघत नाही. मजुरी बुडते, भाडं खिशातून जातं, जनावरं शेजाऱ्याच्या भरवशावर राहतात. घरी आल्यावर काय झालं म्हणून विचारलं तर सांगायलाही काही नसतं.

यातली एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. फौजदारी केसमध्ये हजर राहणाऱ्या साक्षीदाराला आणि फिर्यादीला वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा हुकूम कोर्ट करू शकतं. ही तरतूद नवी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ३१२ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५० मध्ये आहे. पण ती मागावी लागते. साक्ष झाली की सुटलो बुवा म्हणून माणूस सरळ स्टँड गाठतो, आणि पैसे तिथंच राहतात.

सिनेमात दिसते ती ज्युरी आपल्याकडं आता नाही. १९५९ मध्ये मुंबईत नानावटी खटल्यात ज्युरी बसली होती, ती गोष्ट अजून लोकांच्या तोंडी आहे. १९७३ च्या संहितेनंतर ज्युरीची पद्धत फौजदारी कोर्टातून गेली. ब्रिटनमध्ये ज्युरीला बोलावलेल्या माणसाला प्रवासखर्च आणि बुडालेल्या कमाईपोटी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळते. आपल्या गावातला साधा माणूस कोर्टाच्या कामात ओढला जातो तो साक्षीदार म्हणून, नाहीतर पंच म्हणून.

पंचाचं दुखणं

पंच हा तर बिचारा वाटेवरून जाताना सापडलेला माणूस. चोरीची मोटारसायकल जप्त झाली, वाळूचा ट्रॅक्टर पकडला, कुणाच्या घराची झडती झाली की पोलीस गावातल्या दोघांना बोलावतात आणि पंचनाम्यावर सह्या घेतात. सही करताना वाटतं, झालं काम. मग चार-सहा वर्षांनी समन्स घेऊन पोलीस दारात उभा राहतो. तोवर पंचनाम्यात काय लिहिलं होतं हेसुद्धा आठवत नाही.

झडतीच्या पंचाबद्दल कायदा दोन गोष्टी सांगतो. लेखी आदेश देऊन बोलावलं असताना योग्य कारण नसताना नकार दिला तर तो गुन्हा धरला जातो. दुसरी गोष्ट, झडतीच्या पंचाला कोर्टानं खास समन्स काढल्याशिवाय साक्षीला यावं लागत नाही. समन्स निघालं की मात्र तो इतर साक्षीदारांसारखाच साक्षीदार. जायलाच लागतं, आणि खर्च मागण्याचा मार्गही त्याला तसाच खुला आहे.

कलमात नेमकं काय आहे

कलमाची भाषा नीट बघितली तर तीन शब्द महत्त्वाचे आहेत. एक, ‘वाजवी खर्च’. म्हणजे एसटीचं भाडं, दिवसाचं जेवणखाण असा खर्च. गवंड्याची सातशे-आठशे रुपयांची हजेरी बुडाली म्हणून तेवढीच्या तेवढी रक्कम हातावर पडेल, असं या कलमात नाही. रकमेचे दर राज्य सरकारच्या नियमांनी ठरतात आणि ते कोर्टाच्या कार्यालयात विचारता येतात. दोन, ‘कोर्टाला योग्य वाटल्यास’. म्हणजे हुकूम करायचा की नाही हे न्यायाधीशांच्या हातात आहे, आपोआप कुणाच्या खात्यात काही येत नाही. तीन, ‘हजर राहणारा’. कलम साक्ष दिली का असं विचारत नाही, कामासाठी हजर होता का असं विचारतं. म्हणून साक्ष न होता नुसती तारीख पडली तरी त्या दिवसाचा खर्च मागायला हरकत नाही. लोकांचा घोळ होतो तो इथंच. ‘आज साक्षच झाली नाही, कसले पैसे?’ असं म्हणून ते गप्प परततात.

कोणतं कलम लिहायचं हाही प्रश्न पडतो. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीपासून कोर्टात सुरू असलेल्या केसेस जुन्या संहितेनुसार चालतात, तिथं ३१२ लिहावं. नंतरच्या केसला ३५०. कलमाचा आकडा चुकला म्हणून लगेच अर्ज फेकून देतील असं नाही, पण बरोबर असलेला बरा.

आरोपीला हा खर्च मिळत नाही. आरोपीनं आपल्या बाजूनं साक्षीदार बोलवायचे म्हटलं किंवा चेक न वटल्यासारखी खासगी फिर्याद असली, तर साक्षीदाराचा खर्च आधी भरायला कोर्ट त्या पक्षाला सांगू शकतं.

त्या दिवशी काय करायचं

समन्सचा कागद घरी ठेवून जाऊ नये. त्यावर केस नंबर, कोर्टाचं नाव आणि तारीख असते. सगळी मागणी त्यावर उभी राहते. मूळ कागद, त्याची एक झेरॉक्स, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स पिशवीत असावी.

एसटीचं तिकीट जपून ठेवावं. मशीनमधून निघालेल्या तिकिटावरची शाई उन्हात, घामात पुसट होते, म्हणून उतरल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढावा. महिलांना एसटीत अर्ध तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. अशांनी जेवढे पैसे दिले तेवढेच लिहावेत. पूर्ण तिकीट लावलं आणि कुणी तपासलं तर शे-दीडशे रुपयांसाठी नामुष्की. शेअर जीपनं, काळी-पिवळीनं आलेल्या माणसाकडं तिकीट नसतं. त्यानं कुठून कुठं आणि किती रुपये ते अर्जात साधं लिहून द्यावं.

कोर्टात गेल्यावर पहिलं काम म्हणजे आपण आलोय हे कळवणं. आवारात दिवसभर बसून राहिलेला पण कुणाला न सांगितलेला साक्षीदार कागदावर गैरहजर असतो. संबंधित पोलीस ठाण्याचा कोर्ट पैरवीचा कर्मचारी तिथं असतो, त्याला भेटावं, सरकारी वकिलांना समन्स दाखवावं. पुकारा झाला की आत जाऊन उभं राहावं.

साक्ष संपली किंवा तारीख पडली की बाहेर पडायच्या आधीच खर्चाची गोष्ट काढावी. सरकारी वकिलांना सांगितलं तर ते तोंडी विनंती करू शकतात. नाहीतर साध्या कागदावर अर्ज द्यावा. वकील लावायची गरज नाही. मजकूर असा चालतो:

‘मा. न्यायालयास विनंती की, मी वरील केसमध्ये सरकार पक्षाचा साक्षीदार असून समन्सप्रमाणे आज दिनांक अमुक रोजी सकाळी अकरा वाजता हजर राहिलो आहे. मी अमुक गावी राहतो. येण्याजाण्यास मला अमुक रुपये खर्च आला असून तिकिटे सोबत जोडली आहेत. मी शेतमजूर असून आजची मजुरी बुडाली आहे. तरी फौजदारी प्रक्रिया संहिता कलम ३१२ / भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ३५० नुसार मला प्रवासखर्च व भत्ता मंजूर व्हावा, तसेच आजच्या हजेरीचा दाखला मिळावा.’

दोन कलमांपैकी लागू नसलेलं खोडून टाकायचं. खाली सही किंवा अंगठा, पत्ता, मोबाईल नंबर. दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. हुकूम झाला की पुढचं काम कोर्टाच्या कार्यालयात. निधी शिल्लक नाही, नंतर या, असंही कधी ऐकावं लागतं. तेव्हा हातात पोच नसेल तर नंतर कुणाला काय दाखवणार?

हजेरीचा दाखला पैशापेक्षा कमी कामाचा नाही. एमआयडीसीत जाणारा मुलगा, पतसंस्थेतला शिपाई, दुकानातला कामगार, यांना मालकापुढं दिवस कुठं घालवला ते सांगावं लागतं. सरकारी नोकर सरकारी कामाच्या संदर्भात साक्षीला गेला तर त्याचा दिवस कामावरचा धरला जातो, त्यालाही हाच दाखला खात्यात लावावा लागतो.

तारखांवर तारखा

एका साक्षीसाठी तीन-तीन चकरा, हा खरा मार आहे. खर्च एका दिवसाचा असता तर लोकांनी एवढी कुरकुर केली नसती. कायदा याबाबत कडक आहे, अमलात ढिला पडतो. साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता काम पुढं ढकलायचं नाही, ढकलायचं तर खास कारण लेखी नोंदवायचं, असं संहितेतच आहे. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे तारीख द्यायला कारण होत नाही, असंही तिथं स्पष्ट लिहिलंय. साक्षीदार समोर आहे आणि पक्षकार किंवा त्याचा वकील तयार नाही, अशा वेळी कोर्ट साक्ष नोंदवून पुढं जाऊ शकतं.

तारीख मागणाऱ्या बाजूवर खर्च बसवायचाही अधिकार कोर्टाला आहे. म्हणून लांबून आलेल्या साक्षीदारानं सरकारी वकिलांमार्फत एवढं कोर्टाच्या कानावर घालावं, की साहेब, मी अमुक किलोमीटरवरून आलोय, ही माझी दुसरी चक्कर आहे, आज साक्ष घ्यावी नाहीतर खर्च मिळावा. नम्रपणे बोललं तर त्यात अवमान वगैरे काही होत नाही. न्यायाधीशांसमोर पन्नास फायली असतात, कोण किती लांबून आला हे सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

साक्षीदारांचे हाल सर्वोच्च न्यायालयानंही लिहून ठेवलेत. स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २००० सालच्या निकालात न्यायालयानं म्हटलं होतं, की साक्षीदाराला मान मिळत नाही, दिवसभर थांबवून परत पाठवलं जातं, त्याचा भत्ताही वेळेवर दिला जात नाही, आणि यात उच्च न्यायालयांनी लक्ष घालावं. त्याला आता बरीच वर्षं झाली.

निघायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर ई-कोर्ट्स ॲपमध्ये केसची तारीख बघून घ्यावी. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की केस उघडते. न्यायाधीश रजेवर आहेत की नाही हे तिथं कळेलच असं नाही, त्यासाठी पैरवीच्या कर्मचाऱ्याला फोन केलेला बरा. नव्या कायद्यात साक्षीदाराला समन्स मोबाईलवरही पाठवता येतं. पण मोबाईलवर आलेल्या समन्सच्या नावाखाली कुणी पैसे भरायला सांगितले, तर ते नक्की फसवणुकीचं. साक्षीदाराकडून कोर्ट फी मागत नाही. नवी संहिता व्हिडिओवरून साक्ष घ्यायलाही परवानगी देते. म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर तशी विनंती करून बघावी.

अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये हक्क जास्त ठळक

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची केस असेल तर गोष्ट वेगळी आहे, आणि ही माहिती गावात कुणी सांगत नाही. इथं खर्च हा नुसता कोर्टाच्या मर्जीवर ठेवलेला नाही. १९९५ च्या नियमांतला नियम ११ सांगतो, की पीडित, त्याच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना घरापासून तपासाच्या किंवा सुनावणीच्या ठिकाणापर्यंत रेल्वेचं दुसऱ्या वर्गाचं, नाहीतर बसचं किंवा टॅक्सीचं प्रत्यक्ष भाडं द्यायचं. त्याशिवाय जितके दिवस माणूस घराबाहेर राहिला तितक्या दिवसांचा निर्वाह खर्च द्यायचा, आणि तो शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. वर जेवणखर्च वेगळा. बुडालेल्या मजुरीची थेट बरोबरी करणारी तरतूद म्हणून या नियमाकडं बघायला हवं.

महिला, अल्पवयीन, साठ वर्षांवरील आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीचा एक सोबती नेता येतो, त्याचाही खर्च मिळतो. पैसे लगेच, उशिरात उशिरा तीन दिवसांत द्यायचे आहेत. जबाबदारी जिल्हाधिकारी, प्रांत किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची, म्हणून अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयातही देता येतो. २०१५ च्या दुरुस्तीनं हा हक्क कायद्याच्या कलम १५-क मध्येही आला.

नियमात ‘साक्षीदार’ असा शब्द आहे, त्याला जातीची अट नाही. घटना पाहिलेला शेजारी कोणत्याही समाजाचा असो, त्यालाही हा खर्च मिळतो. अशा केसमध्ये गावाचा दबाव असताना साक्षीला जाणाऱ्या माणसाला निदान भाड्याची चिंता तरी नको, एवढा त्यामागचा विचार दिसतो.

जमिनीच्या दाव्यात

बांधाचा, वाटपाचा, वहिवाटीचा दावा असला तर पैसे सरकार देत नाही. ज्या पक्षानं साक्षीदाराला समन्स काढायला लावलं, त्यानं त्याचा येण्याजाण्याचा आणि एका दिवसाच्या हजेरीचा खर्च आधी कोर्टात भरायचा असतो, आणि बेलिफ समन्स हातात देतो तेव्हाच ती रक्कम साक्षीदाराला द्यायची, अशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ ची रीत आहे. पक्षकार स्वतः समन्स घेऊन आला तर त्यानंच हातावर पैसे ठेवायचे. रक्कम कमी पडली किंवा एका दिवसापेक्षा जास्त थांबावं लागलं तर कोर्ट आणखी रक्कम भरायला सांगू शकतं. भरली नाही तर त्या पक्षाची जंगम मालमत्ता जप्त करून वसुली करायचा अधिकारही कोर्टाला आहे, किंवा साक्ष न घेता साक्षीदाराला मोकळं करण्याचाही.

पैसे मिळाले नाहीत म्हणून घरीच बसायचं, असं मात्र करू नये. हजर राहून कोर्टाला सांगावं. आणि पक्षकारानं समन्स न काढता ‘चला दादा, तेवढं दोन शब्द सांगा’ म्हणून गाडीत घालून नेलं असेल, तर खर्च ज्याचा त्यानं आपसात बघायचा.

पोलीस ठाण्यात बोलावलं तर

पोलीस तपासात जबाबासाठी बोलावतात, ते कोर्टाचं समन्स नसतं. नव्या संहितेच्या कलम १७९ नुसार बोलावणं लेखी हवं. पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठ वर्षांवरचा पुरुष, कोणतीही महिला, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस, यांना राहत्या ठिकाणाखेरीज दुसरीकडं यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिथं जाऊन विचारायचं. स्वतःहून जायची तयारी असेल तर जाता येतं. बाकीच्यांच्या खर्चासाठी राज्य सरकार नियम करू शकतं, असंही त्याच कलमात आहे.

पैसे घेतले तर साक्ष विकली म्हणतील?

ही भीती खरी आहे. उलटतपासात वकील विचारतोच, ‘तुम्हाला इथं यायचे पैसे कुणी दिले?’ कोर्टाच्या हुकमानं मिळालेला भत्ता म्हणजे लाच नव्हे. ‘एसटीचं भाडं आणि भत्ता कोर्टाकडून मागितलाय’ असं सरळ उत्तर द्यावं, त्यात लपवायचं काही नाही. अडचण होते ती दुसरीकडं. फिर्यादीच्या गाडीतून यायचं, आरोपीच्या भावकीनं हॉटेलात जेवायला घालायचं, कुणीतरी ‘चहापाण्याला’ म्हणून पाचशेची नोट खिशात कोंबायची. त्या नोटेचं उत्तर पिंजऱ्यात उभं राहून देता येत नाही. भाड्याला पैसे नाहीत म्हणून माणूस कुणाच्या तरी गाडीत बसतो आणि नंतर त्याच्या बाजूचा होऊन बसतो, असं गावोगाव घडतं. फितूर झालेल्या साक्षीदारांमागं सगळीकडं धमक्याच असतात असं नाही, काही ठिकाणी नुसता कंटाळा आणि रिकामा खिसा असतो.

समन्स घेऊन न गेलेल्या साक्षीदाराविरुद्ध वॉरंट निघू शकतं, दंडही होऊ शकतो. खरंच जाता येत नसेल, घरात मयत झाली किंवा दवाखान्यात भरती असेल, तर डॉक्टरचा कागद जोडून आधीच पोलीस ठाण्यामार्फत किंवा सरकारी वकिलांकडं अर्ज पोचवावा. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोनवर विचारायचं असेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.